थांबू कोण म्हणालं

नांदुऱ्याकडच्या चार-पाच गावांतला कुणीही माणूस पहिल्यांदा सुरतेला आला, की त्याच्या खिशात एक चिठ्ठी असायची आणि तिच्यावर सुकदेवचा पत्ता असायचा. उधन्यातली गल्ली, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. अमरावतीच्या गाडीने आलेला माणूस दोन दिवस त्याच खोलीत पडायचा, त्याच्या बायकोच्या, ताराच्या हातची भाकरी खायचा आणि तिसऱ्या दिवशी सुकदेव त्याला सोबत घेऊन कुठल्यातरी मागावर चिकटवून द्यायचा. बावीस वर्षांत अशी किती माणसं त्याने मार्गी लावली, त्याचा त्यालाही हिशेब नव्हता. गल्लीत लहानथोर त्याला भाऊ म्हणत. तो सांगेल ते लोक ऐकत आणि ऐकतात याची त्यालाही सवय होऊन गेली होती.

शालिग्रामलाही त्यानेच आणलं. पण शालिग्राम नुसता गावचा माणूस नव्हता, सुकदेवच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. बाप लवकर गेल्यावर सुमनला सुकदेवनेच अंगाखांद्यावर वाढवलं. तिच्यासाठी स्थळ बघताना त्याला शालिग्राम आवडला तो त्याच्या सावधपणामुळे. मोजकं बोलणारा, कामात हात न आखडणारा, रस्ता ओलांडतानाही दोन्ही बाजूंना दोनदा बघणारा माणूस. सुमन त्यावरून त्याची चेष्टा करायची. म्हणायची, हे पाणीसुद्धा फुंकून पितात. दहा वर्षांपूर्वी दोघं लहानग्या पूजाला घेऊन सुरतेला आले आणि दोन गल्ल्या सोडून राहू लागले.

सुकदेव आणि शालिग्राम सुरतेबाहेरच्या सचिन या कारखान्यांच्या वस्तीत एकाच खात्यात कामाला होते. मागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. आत शंभर माग एकदम चालू झाले, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. सगळा व्यवहार हातवाऱ्यांवर चालतो. दिवसभर तोंड मिटून काम करायचं आणि बोलायचं ते जाता-येता, सायकलवर. त्या दोघांच्या सगळ्या गोष्टी सायकलवरच झाल्या. पूजाला पुढे काय शिकवायचं, गावच्या घराचे पत्रे कधी बदलायचे, सुमनची पाठ का दुखते. हायवेवर ट्रकांचा त्रास म्हणून ते खाडीच्या कडेचा आतला रस्ता धरत. तो थोडा लांबचा होता, पण शेजारी शेजारी सायकली चालवता येत. शालिग्राम नेहमी उजव्या बाजूने चालायचा, वाहनांच्या बाजूने. सुकदेवच्या हे फार उशिरा लक्षात आलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, महिना संपायला आला असताना, दुपारी साडेतीनच्या सुमाराला खात्यातली वीज गेली. माग एकदम थांबले आणि त्या शांततेत बाहेरचा वारा ऐकू आला. पत्रे थडथडत होते. मुकादमाने फोन करून विचारलं आणि सांगितलं, कुठेतरी तार तुटली आहे, संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, ज्याला जायचं त्याने जावं.

शालिग्राम दारात उभा राहून बराच वेळ आभाळाकडे बघत होता. दक्षिणेकडून काळंभोर आभाळ वर चढत होतं आणि त्यात मधूनच उजेड होत होता. तो म्हणाला, अर्धा-पाऊण तास इथंच बसू, हे ओसरलं की निघू. बरेच कारीगर बसलेच होते. पण सुकदेवला घाई झाली. इतक्या दिवसांत कधी दिवसाउजेडी घरी जायला मिळालं नव्हतं. वीज लवकर आली तर पुन्हा मागाला जुंपतील, ही धास्तीही होती. तो म्हणाला, चला हो जवाई, वळवाचा पाऊस तो, येईल आणि जाईल. शालिग्रामने सायकलची कडी काढली.

वस्ती संपून शेतं लागली तेव्हा पावसाचे मोठे मोठे थेंब पडायला लागले. वारा समोरून होता. पायडल मारावं आणि सायकल जागची हलू नये, असा. आभाळ गडगडत होतं आणि चमकणं आणि गडगडणं यांतलं अंतर कमी कमी होत होतं, पण ते तेव्हा सुकदेवच्या ध्यानात आलं नव्हतं. पुढे अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर भरलेल्या गाड्या तोलायचा एक वजनकाटा होता, तिथे स्लॅबची पक्की खोली होती. शालिग्राम ओरडून म्हणाला, "भाऊ, काट्यापर्यंत रेटू."

सुकदेवच्या डोळ्यांत पाणी जात होतं, दम लागला होता. रस्त्याच्या कडेला एक मोठी चिंच होती, एकटीच. तो ओरडला, "नाही होत मायाच्यानं. चिंचेखाली थांबू."

शालिग्राम दहा-बारा हात पुढे गेला होता. तो एकटा सहज काट्यापर्यंत पोचला असता. त्याने मागे वळून बघितलं आणि सायकल फिरवली.

चिंचेखाली पाऊस कमी लागत होता. शालिग्रामने दोन्ही सायकली बुंध्याला टेकवल्या, खिशातलं फडकं काढलं आणि आधी सुकदेवच्या सायकलचं सीट पुसलं. तेवढ्यात वाऱ्याने सुकदेवची डब्याची पिशवी कॅरिअरवरून उडाली आणि रस्त्यापलीकडे जाऊन पडली. ती आणायला सुकदेव गेला. पिशवी उचलायला वाकला आणि सगळं पांढरं झालं.

आवाज त्याला ऐकूच आला नाही. तो उठून बसला तेव्हा तोंडात चिखल होता, डाव्या कानात नुसती शिटी वाजत होती आणि जळक्या लाकडाचा वास येत होता. चिंचेची साल वरपासून खालपर्यंत सोलल्यासारखी निघाली होती. शालिग्राम सायकलींच्या शेजारी पडला होता. अंगावर म्हणावी अशी जखम नव्हती. एका पायातली चप्पल निघून लांब गेली होती, एवढंच.

सुकदेव धावत गेला आणि हातभर अंतरावर थांबला.

मागावर वीस वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते. करंट लागलेल्याला हात लावायचा नाही. आधी बटण बंद करायचं, लाकूड शोधायचं. एकाला वाचवायला गेलेले दोघं मेलेले त्याने डोळ्यांनी बघितले होते. इथे बंद करायला बटण नव्हतं. तो वाकून हाका मारत राहिला, जवाई, अहो जवाई. पावसात कोरडी काठी शोधत राहिला. शालिग्रामच्या चेहऱ्यावर पाऊस पडत होता आणि पापण्या हलत नव्हत्या. एक टेम्पोवाला आला, त्याने काही विचार न करता शालिग्रामला बगलेत धरून उचललं, तेव्हा कुठे सुकदेवने पाय धरले. तोवर दहा मिनिटं गेली असतील, पंधरा गेली असतील.

दवाखान्यात डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कागद भरणाऱ्या पोलिसाने विचारलं, तुम्ही झाडाखाली कसे गेलात? सुकदेवच्या तोंडून गेलं, "तेच म्हणाले, थांबू."

असं आपण का बोललो, हे त्याला त्या क्षणीही कळलं नाही. पोलिसाने लिहून घेतलं. थोड्या वेळाने सुमन आली, पूजाचा हात धरून, पदर कसाबसा खोचलेला. तिनेही तेच विचारलं, आणि एकदा सांगितलेलंच त्याने पुन्हा सांगितलं. मग गावाहून माणसं आली, त्यांना सांगितलं. दहाव्याला कुणी विचारलं, तिथेही तेच. पुढे पुढे तर त्याला सांगावंही लागेना. लोकच एकमेकांना सांगू लागले, की शालिग्राम झाडाखाली थांबू म्हणाला आणि सुकदेवभाऊ पिशवी आणायला गेला म्हणून वाचला.

सुमन दिवसकार्य झाल्यावर महिनाभरातच कामाला लागली. साड्यांच्या काठांवर खडे चिकटवायचं काम ती घरी आणायची. रडताना ती कुणाला फार दिसली नाही. तिला राग आला होता, आणि तो राग मेलेल्या नवऱ्यावर होता. जन्मभर फुंकून पाणी प्यालेला माणूस नेमका त्या दिवशी झाडाखाली कसा गेला? गावाकडं तर लेकरांनाही माहीत असतं, विजा कडाडताना झाडाखाली जाऊ नये. मग त्यायले कसं नाही सुचलं? आम्हा दोघींचा विचार नाही आला? सुकदेव भेटायला गेला, की ती हे सगळं त्याच्यासमोर बोलायची, खडे चिकटवता चिकटवता, मान वर न करता. शालिग्रामचा फोटो तिने भिंतीवर लावला नाही. ट्रंकेत ठेवला. त्याची सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली. पूजाला शाळा लांब पडत होती, मैत्रिणी सायकलवर जात होत्या, पण सुमनने तिला सायकलला हात लावू दिला नाही. एकदा पूजा कशावरून तरी हट्टाला पेटली, तेव्हा सुमन म्हणाली, बापावर गेलीस, वेळेवर अक्कल गहाण टाकायची. सुकदेव तिथेच बसला होता. हातातला चहा त्याने तसाच खाली ठेवला आणि काम आहे म्हणून उठला.

त्या दोन वर्षांत त्याने बहिणीसाठी काय नाही केलं? गॅस संपला की सिलिंडर खांद्यावरून वर नेला, पूजाच्या शाळेत पालक म्हणून गेला, सणावाराला साडी नेली. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं, की तो दुसराच विषय काढायचा.

यंदा मे महिन्यात खात्यांच्या आवारात एक वर्ग ठेवला होता. पावसाळ्याआधी विजेपासून कसं जपावं, याचा. शिकवायला एक शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आल्या होत्या, अपर्णा मॅडम. आधी गुजरातीत बोलल्या, मग हिंदीत, आणि समोर बरेच आपल्याकडचे दिसले तेव्हा मराठीत. सायकलवाल्यांना त्यांनी मुद्दाम पुढे बसवलं. म्हणाल्या, तुम्ही उघड्यावर असता, तुमच्याभोवती काच नाही, टप नाही. गडगडणं कानावर आलं याचा अर्थच तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. मग पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका. पक्कं घर गाठा, नाहीतर बंद काचांची गाडी. एकटं झाड म्हणजे विजेला दिलेलं आवतण. उघडी पत्र्याची शेडही नको. काहीच जवळ नसेल तर सायकल सोडून लांब व्हा, झाडांपासून दूर सखल जागा बघा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका, आणि चौघं असाल तर चौघं चार ठिकाणी बसा. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. निघायची घाई करणारेच जास्त सापडतात.

सुकदेव खाली मान घालून ऐकत होता. प्रत्येक वाक्य त्याच्या ओळखीचं होतं, नुसतं उलट्या बाजूने. शेवटी बाईंनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? तो उभा राहिला. उजवा कान पुढे करून म्हणाला, "मॅडम, वीज पडलेल्या माणसाले हात लावता येते काय?"

"येतो. लगेच लावायचा," त्या म्हणाल्या. "त्याच्या अंगात करंट राहत नाही. श्वास बंद असेल तर त्याच क्षणी छाती दाबायला घ्यायची. अशी कितीतरी माणसं वाचतात."

आणि त्यांनी जमिनीवर एक उशी ठेवून, दोन्ही तळव्यांनी ती कशी दाबायची ते दाखवलं. सुकदेव खाली बसला. शेजारच्याला वाटलं त्याला उन्हाचा त्रास होतोय, त्याने पाणी आणून दिलं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने ताराला सगळं सांगितलं. बायकोलासुद्धा दोन वर्षांत सांगितलं नव्हतं. तारा म्हणाली, सुमनला सांगू नका. आता कुठं ती सावरते आहे. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर ओझं कशाला? शालिग्राम तर येणार नाही, निदान भाऊ तरी राहू द्या तिला. ताराचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सुकदेवने आठ दिवस तेच घोळवलं. पण त्याला दर वेळी सुमनचं ते वाक्य आठवायचं, वेळेवर अक्कल गहाण टाकायची, आणि ट्रंकेत पालथा पडलेला फोटो.

रविवारी सकाळी तो गेला. पूजा शिकवणीला गेली होती. सुमन फरशीवर साडी पसरून बसली होती. त्याने चहा नको म्हटलं आणि दाराशीच बसला.

"सुमन, चिंचेखाली थांबू असं जवाई नाही म्हणले. म्या म्हटलं."

तिने मान वर केली.

मग त्याने थांबता येणार नाही अशा वेगाने सगळं सांगितलं. शालिग्राम खात्यातच थांबू म्हणत होता. नंतर काट्यापर्यंत रेटू म्हणत होता. पुढे गेला होता आणि माझ्यासाठी मागे वळला. त्याने माझं सीट पुसलं. मी हात लावला नाही. हात लावला असता, छाती दाबली असती, तर कदाचित... हे त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, साडीच्या काठाकडे बघत. ओला गोंद तिच्या बोटांवर वाळत होता.

सुमनने विचारलं, "ते मांगं फिरले? तुयासाठी?"

"हो."

"अन् मी दोन वर्सं रोज भांडो त्यायच्यासंग." तिचा आवाज चढला नाही. "मेलेल्या माणसाले बोल लावो. लेकीसमोर लावो. तू इथंच बसलेला राहे, दादा. तू ऐके."

ती उठली, ट्रंक उघडली, कपड्यांच्या तळातून फोटो काढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा ती रडली. दोन वर्षांचं साठलेलं एकदम, तोंडावर पदर दाबून. सुकदेव उठून जवळ जाऊ लागला, तर तिने मागे न बघताच हात हलवून त्याला जा म्हटलं.

पंधरा दिवस त्या घरून निरोप आला नाही. सिलिंडर दुसऱ्याच कुणीतरी वर नेल्याचं ताराला कळलं. मग एके दिवशी पूजा आली आणि आईने बोलावलंय एवढंच सांगून निघाली. सुकदेव गेला तेव्हा भिंतीवर शालिग्रामचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. सुमनने त्याला बसायला सांगितलं नाही. म्हणाली, मला जे सांगितलंस ते पूजाला सांग, माझ्यासमोर, एक शब्द गाळू नको. तिचा बाप येडा नव्हता, हे तिला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.

त्याने सोळा वर्षांच्या पोरीसमोर उभ्याने सगळं सांगितलं. पूजाने शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणाली, "मामा, पप्पा तुमच्याजवळ परत आले, म्हणजे तुम्ही त्यांना आवडत होता." तिने हे बोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. ती आत गेली आणि तिने कडी लावून घेतली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तसंच आभाळ भरून आलं. सुकदेवसोबत गावाकडून नुकतेच आलेले दोघं होते, नवीन सायकलींवर. लांब कुठेतरी गडगडलं आणि त्याने दोघांना वजनकाट्याच्या खोलीत नेलं. पाऊस पडला, थांबला, ऊनसुद्धा पडलं. ते दोघं निघायला उतावीळ झाले होते. भाऊ, आता काय राहिलंय? त्यांना वाटलं, म्हातारपणी माणूस भितो. सुकदेवने त्यांना हलू दिलं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर घड्याळात अर्धा तास झाला तेव्हा तो उठला. मग तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बराच वेळ उभा राहिला, आणि त्या दोघांना त्याच्यासाठी थांबावं लागलं. या खोलीत चौघं आरामात बसू शकत होते, हे त्याने पहिल्यांदाच बघितलं होतं.

श्रावणात सुमनने उधना सोडलं. कोसाडला एका वसाहतीत खोली मिळाली, जवळच्या साडीच्या कारखान्यात घडी घालायचं काम मिळालं. शहराचं हे टोक आणि ते टोक. सामान हलवायला तिने भावाला बोलावलं नाही, ताराला बोलावलं. राखीला पोस्टाने पाकीट आलं. आत राखी होती, चिठ्ठी नव्हती. सुकदेवने ती पूजाच्या वयाच्या शेजारच्या मुलीकडून बांधून घेतली.

भाऊबीजेला जावं की न जावं, यावर त्याने दोन दिवस घालवले. शेवटी ताराने पिशवीत साडी घातली आणि त्याला बसमध्ये बसवून दिलं. सुमनने दार उघडलं, पाट मांडला, ओवाळलं. ताटात वाढलं. कारखान्यात बाया कशा आहेत, पाणी किती वाजता येतं, पूजा बारावीनंतर काय शिकणार आहे, एवढंच बोलणं झालं. तो जेवला. शालिग्रामच्या फोटोसमोर उभा राहून त्याने हात जोडले, तेव्हा सुमन ओट्याशी पाठमोरी भांडी आवरत होती.

निघताना मात्र ती पायात चपला सरकवून त्याच्यासोबत बसथांब्यापर्यंत आली. दोघं बाकावर बसले. बस यायला वेळ होता. वसाहतीतली पोरं फटाके वाजवत होती. पोरांकडे बघत ती म्हणाली, "त्यायले तुया राग नसता आला, दादा. ते तसेच होते. मले येते. अजून येते."

"येऊ दे," सुकदेव म्हणाला.

बस आली. तो चढला, खिडकीपाशी बसला. ती तिथेच उभी होती, हात न हलवता. बस हलली तेव्हा ती काहीतरी बोलली. ती सुकदेवच्या डाव्या, बंद पडलेल्या कानाच्या बाजूला होती, त्यामुळे त्याला ऐकू आलं नाही. त्याने मान वळवून तिच्या ओठांकडे बघायचा प्रयत्न केला, पण बस वळली होती.